ग्वाम आणि होनोलुलू: कर्करोगातील विषमतेवर दोन विद्यापीठांची भागीदारी

पश्चिम पॅसिफिक महासागरातले ग्वाम हे बेट क्षेत्रफळाने मुंबईपेक्षा थोडे लहानच आहे आणि २०२० च्या जनगणनेनुसार तिथे १,५३,८३६ माणसे राहतात. १८९८ च्या युद्धानंतर ते स्पेनकडून अमेरिकेकडे आले. आजही तो अमेरिकेचा एक प्रदेश आहे, राज्य नव्हे. मूळ रहिवासी असलेल्या चामोरो लोकांचा लोकसंख्येतला वाटा साधारण एक तृतीयांश आहे. त्याखालोखाल फिलिपिनो, आणि त्यानंतर चुऊक, याप, पलाऊ अशा शेजारच्या बेटांवरून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे. बेटावर ग्वाम विद्यापीठ हे एकच सरकारी विद्यापीठ आहे. १९५२ मध्ये शिक्षक घडवणारे महाविद्यालय म्हणून ते सुरू झाले आणि १९६८ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याला वैद्यकीय महाविद्यालय नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची मान्यता असलेले या भागातले कर्करोग केंद्र होनोलुलूला, हवाई विद्यापीठात आहे, आणि ग्वामपासून ते सुमारे सहा हजार किलोमीटर दूर आहे. २००३ पासून या दोन विद्यापीठांनी कर्करोगातील विषमतेवर संशोधन आणि प्रशिक्षणाचे जे संयुक्त काम चालवले, त्याचा हा अभ्यास आहे.

बेट आणि त्याचा आजार

चामोरो लोकांमध्ये तोंडाचा, नाकामागच्या घशाचा, फुफ्फुसाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग अमेरिकेच्या सरासरीच्या मानाने अधिक आढळतो, आणि कर्करोगाने होणारे मृत्यूही त्यांच्यात बेटावरच्या इतर काही गटांपेक्षा जास्त आहेत. याचे खापर केवळ सवयींवर किंवा केवळ गरिबीवर फोडता येत नाही. गरिबांच्या उपचारांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेत अमेरिकेतील राज्यांना खर्चाच्या प्रमाणात केंद्राचा वाटा मिळतो, मात्र ग्वामसारख्या प्रदेशांसाठी त्या रकमेला वार्षिक कमाल मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे गरज कितीही असली तरी हात आखडता घ्यावा लागतो. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्णाला मनिला, होनोलुलू किंवा थेट अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पाठवले जाते. घरातला एक माणूस सोबत जातो, त्याची नोकरी अडते, घरच्या मुलांची सोय लावावी लागते, आणि परतीचा दिवस कुणालाच नक्की सांगता येत नाही.

शेजारच्या बेटांवरून आलेल्यांची परिस्थिती याहून वेगळी. मायक्रोनेशियाची संघराज्ये (चुऊक आणि याप त्यातलीच) आणि मार्शल बेटे यांच्याशी अमेरिकेने १९८६ मध्ये, तर पलाऊशी १९९४ मध्ये करार अमलात आणला. त्यानुसार या देशांच्या नागरिकांना अमेरिकेत राहण्याची व काम करण्याची मुभा मिळाली. मात्र १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या सुधारणेत त्यांचा मेडिकेडवरचा हक्क गेला आणि तो परत मिळायला डिसेंबर २०२० उजाडावे लागले. एवढ्या काळात एक पिढी मोठी झाली, आणि तिच्या आईबापांनी तोंडातला न भरणारा व्रण किंवा स्तनातली गाठ दाखवायला दवाखान्यात जाणे किती वेळा टाळले असेल, त्याची नोंद कुठेच होत नाही.

हिशेबात नसलेली माणसे

विषमता मोजायची तर आधी माणसे मोजावी लागतात, आणि इथे खरी अडचण तीच होती. अमेरिकेची सरकारी आकडेवारी अनेक वर्षे ‘आशियाई आणि पॅसिफिक बेटवासी’ असा एकच गट धरत असे. या गटात चिनी, भारतीय, जपानी, कोरियन, व्हिएतनामी वंशाची लक्षावधी माणसे आणि त्यांच्या तुलनेत मूठभर बेटवासी. आशियाई वंशाच्या लोकांचे कर्करोगाचे दर एकूण पाहता अमेरिकेच्या सरासरीपेक्षा कमी असल्याने हा संयुक्त गट कागदावर ठणठणीत दिसे आणि चामोरो किंवा चुऊकी माणसाचा आजार त्या सरासरीत बुडून जाई. १९९७ मध्ये संघराज्य सरकारने हवाईचे मूळ रहिवासी व अन्य पॅसिफिक बेटवासी यांचा स्वतंत्र गट केला खरा. परंतु नियम बदलला म्हणून जुन्या फायली आपोआप सुधारत नाहीत. शिवाय ‘अन्य पॅसिफिक बेटवासी’ हाही गट इतका ढोबळ आहे की ज्यांची भाषा, आहार आणि सुपारी खाण्याची पद्धतही एकमेकांशी जुळत नाही, अशांना तो एका रांगेत बसवतो.

याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये दुसरी एक चर्चा सुरू होती. अल्पसंख्याक आणि वैद्यकीय सेवांपासून वंचित समाजांमधल्या कर्करोगाकडे संशोधनाचा पैसा पुरेसा वळत नाही, असे अमेरिकेच्या वैद्यकशास्त्र संस्थेने १९९९ च्या अहवालात नमूद केले होते. राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ मध्ये त्यावर एक योजना काढली: वंचित समाजाला शिकवणारे, पण संशोधनाचा पैसा फारसा न मिळणारे विद्यापीठ एका बाजूला, मान्यताप्राप्त कर्करोग केंद्र दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना मिळून अनुदान. न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठ व सिॲटलचे फ्रेड हचिन्सन केंद्र, पोर्तो रिकोतले पोन्से येथील वैद्यकीय विद्यापीठ व फ्लोरिडातले मॉफिट केंद्र, मोरहाउस, टस्कीगी व अलाबामा विद्यापीठ असे गट त्यातून उभे राहिले. अंतराच्या दृष्टीने ग्वाम आणि हवाई यांची जोडी या सर्वांत विलक्षण म्हणावी लागेल.

पैसा दोन हातांत

मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेला ‘सहभागी’ म्हणून अर्जात घ्यायचे, तिच्याकडून नमुने व प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि शोधनिबंध मात्र आपल्या नावावर लिहायचे, ही संशोधनातली जुनी रीत आपल्याकडेही अपरिचित नाही. या योजनेच्या रचनेत त्याला थोडा तरी पायबंद आहे. अनुदान एकाच संस्थेला देऊन दुसरीला पोटकंत्राट दिले जात नाही. दोन्ही विद्यापीठांना वेगवेगळे, जोडलेले अनुदान मिळते. प्रत्येक संशोधन प्रकल्पाला दोन्ही बाजूंचा एकेक प्रमुख असावा लागतो. प्रशासन, नियोजन व मूल्यमापन, संशोधन-शिक्षण, समाजसंपर्क आणि संख्याशास्त्र अशा विभागांचे नेतृत्वही जोडीनेच चालते. बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती ठरावीक काळाने कामाचा हिशेब मागते आणि रखडलेला प्रकल्प बंद करण्याची शिफारसही करू शकते.

ग्वामच्या बाजूने पोषणशास्त्राच्या अभ्यासक रेचल लिऑन ग्वेरेरो आणि परिचर्या (नर्सिंग) शाखेच्या मार्गारेट हातोरी-उचिमा, तर हवाईच्या बाजूने मार्शल बेटांवर अनेक वर्षे डॉक्टरकी केलेले नील पालाफॉक्स, अशा व्यक्तींनी ही भागीदारी पुढच्या टप्प्यांत चालवली. सुरुवातीला नियोजनापुरते असलेले अनुदान पुढे पूर्ण भागीदारीचे झाले. कागदावर हे सारे सुटसुटीत दिसते, पण प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणची घड्याळेही जुळत नाहीत. ग्वाम हवाईच्या २० तास पुढे आहे. ग्वाममध्ये सोमवारी कार्यालय उघडते तेव्हा होनोलुलूत रविवारची दुपार असते, आणि होनोलुलूच्या शुक्रवारी ग्वाममध्ये शनिवारची सुटी लागलेली असते. म्हणजे आठवड्यातले चारच दिवस सामाईक, आणि त्यांतही ग्वामची सकाळ व होनोलुलूची दुपार एवढाच वेळ बैठकीला मिळतो. समान भागीदारी हा शब्द उच्चारायला सोपा असला, तरी नैतिकता समितीची मंजुरी दोन्हीकडून आणायची, दोन्हीकडचे खरेदीचे नियम पाळायचे आणि प्रत्येक खर्चाचे कागद दोनदा करायचे म्हटले की सामाईक वेळेचा बराचसा भाग कागदी घोडे नाचवण्यातच जातो.

या सगळ्या खटाटोपातून सर्वांत टिकाऊ असे काय उभे राहिले, असे मला कोणी विचारले तर मी कोणत्याही शोधनिबंधाआधी कर्करोग नोंदणीचे नाव घेईन. ग्वामची नोंदणी विद्यापीठाच्या कर्करोग संशोधन केंद्रात चालते, आणि अमेरिकेशी संलग्न इतर पॅसिफिक बेटांच्या नोंदी एकत्र करणारी प्रादेशिक नोंदणीही याच विद्यापीठात आहे. नोंदणीचे काम बाहेरून रूक्ष वाटते. नोंदणी कर्मचारी रुग्णालयाची फाइल उघडतो, पॅथॉलॉजीच्या अहवालातून गाठ नेमकी कुठे व कोणत्या प्रकारची हे वाचतो, निदानाची तारीख आणि टप्पा ठरवून आंतरराष्ट्रीय सांकेतिक क्रमांक देतो, आणि तोच रुग्ण आधी नावाच्या दुसऱ्या वर्णलेखनाने नोंदला गेला आहे का हे तपासतो. ग्वाममध्ये यात भर अशी की रुग्ण उपचारासाठी मनिलाला गेला तर पुढचे कागद तिथे राहतात, आणि तो आपल्या मूळ बेटावर परतून तिथेच वारला तर मृत्यूची नोंद तिसऱ्याच कार्यालयात होते. हे धागे जुळवणारे माणूस बेटावरचेच लागते. कोणते आडनाव कोणत्या गावचे, कोणते कुटुंब कुठे राहायला गेले, हे त्याला ठाऊक असते.

नोंदी नीट ठेवल्या तरी संख्या लहानच राहते. दीड लाखांच्या वस्तीत एखाद्या विशिष्ट कर्करोगाचे वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच रुग्ण सापडतात. एका वर्षी ते दुप्पट झाले तर ती साथ आहे की निव्वळ योगायोग, हे सांगता येत नाही. त्यामुळे ग्वामचे आकडे पाच-पाच वर्षे एकत्र करून मांडावे लागतात. शिवाय एवढ्या छोट्या समाजात वय, गाव आणि वंश एवढे तीन तपशील छापले तरी रुग्ण ओळखू येण्याचा धोका असतो. त्यामुळे आकडे जितके उपयुक्त करावेत तितके माणसाचे खाजगीपण धोक्यात येते, आणि हा पेच सोडवायला संख्याशास्त्राची जाण असलेला माणूस हाताशी लागतो. विद्यापीठाच्या गणित विभागातल्या ग्राझिना बाडोव्स्की यांच्यासारख्यांना या कामात ओढले गेले ते त्यामुळेच.

सुपारी

या भागीदारीच्या विषयांपैकी मराठी वाचकाला सर्वांत जवळचा विषय म्हणजे सुपारी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे कौतुक करणाऱ्या, पूजेत सुपारीलाच गणपती मानणाऱ्या आणि जेवणानंतर अडकित्ता पुढे सरकवणाऱ्या समाजाला ग्वामच्या घरातले तबक ओळखीचे वाटेल. चामोरो भाषेत सुपारीला पुगुआ आणि विड्याच्या पानाला पुपुलु म्हणतात. लग्नात, गावच्या सणात, आणि विशेषतः माणूस गेल्यानंतर नऊ रात्री चालणाऱ्या प्रार्थनेच्या वेळी, जमलेल्यांपुढे सुपारी ठेवणे हा तिथला रिवाज आहे. ती नाकारणे म्हणजे यजमानाचा मान न राखणे.

मात्र ‘ग्वाममध्ये लोक सुपारी खातात’ एवढे म्हणून संशोधकाचे भागत नाही. ग्वाम विद्यापीठाच्या यवेट पॉलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाण्याच्या पद्धतीच तपासल्या आणि त्यांत ठळक दोन प्रकार आढळले. चामोरो माणूस बहुधा पिकलेली, आतून लालसर झालेली कडक सुपारी नुसती किंवा पानासोबत चघळतो आणि गिळून टाकतो. याप, पलाऊ, चुऊककडची माणसे कोवळी हिरवी सुपारी घेतात: दाताने ती मधोमध फोडतात, आत बाटलीतला कोरडा चुना शिंपडतात, सिगारेटचा तुकडा मोडून तंबाखू कागदासकट आत बसवतात, वर पानाचा तुकडा गुंडाळून गालात धरतात आणि लाल पिंक थुंकत राहतात. झाड तेच असले तरी शरीराशी होणारा संपर्क पूर्णपणे वेगळा आहे. चुन्यामुळे तोंडातील क्षारता वाढते व ऊतींना इजा पोहोचवणारे ऑक्सिजनचे रेणू तयार होतात. तंबाखूतून नायट्रोसामाइन्स ही कर्करोगकारक रसायने येतात. आणि गिळणाऱ्याच्या बाबतीत हाच माल अन्ननलिकेतून पोटात जातो.

सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या खंडात नोंदवला. त्याआधी १९८५ मध्ये केवळ तंबाखू घातलेल्या विड्यावर ठपका होता. त्यामागचा पुरावा प्रामुख्याने भारतीय उपखंड आणि तैवान येथून आला होता. तोंड उघडेनासे करणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसचे वर्णन १९५२ मध्ये केनियातल्या भारतीय स्त्रियांवरून आणि १९५३ मध्ये मुंबईतल्या रुग्णांवरून झाले होते, हेही इथे आठवावे. पण आपल्याकडची सुपारी बहुधा सुकवलेली, भाजलेली किंवा उकडलेली असते, तिच्यासोबत कात असतो, आणि गुटख्याने तर सगळाच हिशेब बदलला. ताजी, कात नसलेली, गिळली जाणारी चामोरो सुपारी किती धोक्याची, हे भारतातल्या आकड्यांवरून थेट काढता येत नाही. ‘जगात यावर भरपूर संशोधन झालेले आहे, मग बेटावर पुन्हा कशाला’ या आक्षेपाचे उत्तर या फरकात आहे, आणि हा फरक टिपण्यासाठी चघळणाऱ्यांच्या ओसरीवर बसू शकणारा संशोधकच लागतो. होनोलुलूच्या प्रयोगशाळेतून तो दिसला नसता.

यापुढचा टप्पा म्हणजे सुपारी सोडवण्याची चाचणी. २०१६ च्या सुमारास ग्वाम आणि त्याच्या उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या सायपान बेटावर ती सुरू झाली. हवाईचे थॅडियस हर्झॉग व पल्लव पोखरेल आणि ग्वामच्या पॉलिनो हे तिचे प्रमुख संशोधक. सोडण्याची इच्छा असलेल्या प्रौढांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला माहितीपुस्तिका देण्यात आली, तर दुसऱ्या गटाला पुस्तिकेखेरीज २२ दिवसांत पाच समूह-बैठका. या बैठकांचा साचा सिगारेट सोडवण्याच्या कार्यक्रमांवरून घेतला होता, मात्र तो जसाच्या तसा चालणार नव्हता. सिगारेटला निकोटिनची चिकटपट्टी आहे. सुपारीतल्या ॲरेकोलिन या उत्तेजक द्रव्याला पर्याय म्हणून देता येईल असे मान्यताप्राप्त औषध नाही. सिगारेट ओढणारा माणूस अंगणात जातो, सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात ती काम करताना, गाडी चालवताना, बोलतानाही असते, आणि सुपारीत सिगारेट घालणाऱ्याला दोन व्यसने एकाच वेळी सोडायची असतात. सहभागी व्यक्तीने ‘सोडली’ म्हटल्यावर त्यावर विसंबून न राहता लाळेचे नमुने घेऊन सुपारीतील ॲरेकोलिनसारखी अल्कलॉइड्स तपासण्याची सोय होनोलुलूच्या प्रयोगशाळेत करण्यात आली. बैठका घेतलेल्या गटात सोडणाऱ्यांचे प्रमाण पुस्तिकेच्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त निघाले. सुपारी सोडवण्याच्या कार्यक्रमाची अशा पद्धतीने झालेली चाचणी जगात फारशी कुठे नव्हती. सुपारी खाणारी कोट्यवधी माणसे दक्षिण आशियात असताना ती पॅसिफिकमधल्या दोन लहान बेटांवर व्हावी, ही आपल्याला विचार करायला लावणारी बाब आहे.

या चाचणीत श्रमविभागणीही नैसर्गिक होती: रसायनशास्त्र व चाचणीचा आराखडा होनोलुलूकडे, आणि माणसे जमवणे, भाषा व विश्वास ग्वामकडे. तरीही यात एक धोका असतो. अशी विभागणी कायमची झाली की बुद्धीचे काम एकीकडे आणि पायपीट दुसरीकडे अशी नवी उतरंड तयार होते. प्रत्येक प्रकल्पाला दोन प्रमुख असण्याचा नियम तेवढ्यासाठीच महत्त्वाचा आहे, आणि तो कागदावर आहे की प्रत्यक्षात, हे आराखडा ठरवण्याच्या बैठकीत शेवटचा शब्द कुणाचा चालतो त्यावरून कळते.

माणसे घडवणे

प्रशिक्षणाचे काम तीन पातळ्यांवर चालते. ग्वाममधल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पांवर पगारी संशोधन-सहाय्यक म्हणून घेतले जाते. ते प्रश्नावल्या भरून घेतात, नमुने बंद करून पाठवतात, विदा संगणकात चढवतात आणि पुढे एखाद्या परिषदेत स्वतःचे भित्तिपत्रक मांडतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी पाठबळ मिळते. आणि ज्यांना सार्वजनिक आरोग्य किंवा कर्करोगशास्त्रात पीएचडी करायची आहे त्यांना हवाईला जाण्याची वाट मिळते, कारण तसा अभ्यासक्रम ग्वाममध्ये नाही. तरुण प्राध्यापकांसाठी छोटे पथदर्शी प्रकल्प असतात, ज्यांतून स्वतंत्र अनुदानाचा अर्ज करण्याइतकी सामग्री जमावी अशी अपेक्षा असते.

यातली तिसरी पातळी सर्वांत अवघड आहे, कारण होनोलुलूला गेलेला विद्यार्थी परत यावा याची सक्ती करता येत नाही आणि करूही नये. बेटावर त्याच्या लायकीच्या जागा मोजक्याच असतात. परत आलेल्याला विद्यापीठात आठवड्याला इतके तास शिकवावे लागते की संशोधन रात्री नाहीतर सुटीत होते. मूल्यमापनाच्या तक्त्यात किती जणांना प्रशिक्षण दिले हा आकडा सहज भरता येतो. दहा वर्षांनी त्यांपैकी किती जण पॅसिफिकमध्ये काम करत आहेत, हा रकाना अनुदानाच्या पाच वर्षांच्या चक्रात मावत नाही. माझ्या मते अशा भागीदाऱ्यांचे मोजमाप इथेच तोकडे पडते. परिचर्येची पदवी घेतलेली, संशोधन-सहाय्यक म्हणून एक वर्ष काढलेली आणि नंतर बेटावरच्या रुग्णालयात राहिलेली मुलगी कोणताही शोधनिबंध लिहिणार नाही. पण तोंडातला पांढरा चट्टा पाहून ती रुग्णाला पुढे पाठवेल. हा लाभ अहवालात येत नाही, आणि तो कुणी मागतही नाही.

निसर्गही मधूनमधून आडवा येतो. २४ मे २०२३ रोजी मावार हे प्रचंड चक्रीवादळ ग्वामवरून गेले आणि बेटाच्या मोठ्या भागातली वीज व पाणी अनेक दिवस बंद राहिले. शीतपेटीत ठेवलेल्या जैविक नमुन्यांवर अवलंबून असलेल्या कोणत्याही संशोधनाला ही टांगती तलवार असते. म्हणून नमुन्यांची साठवण कुठे करायची हा प्रश्नही केवळ तांत्रिक राहत नाही. नमुने होनोलुलूला पाठवले तर ते सुरक्षित राहतात, पण त्यांच्यावरचा ताबा दूर जातो.

बार्शीच्या अंगाने

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारे उदाहरण बार्शीचे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या मदतीने तिथे १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि सोलापूर व आताच्या धाराशिव जिल्ह्यांतल्या शेकडो गावांपर्यंत पोहोचली. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन शिक्षक, पुढारी, दायी यांच्याशी बोलत. या पायावर पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी उभी राहिली: ५२ गटांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, आणि एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच तपासणी झालेल्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने साधारण निम्म्यावर. २००९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जगाने दखल घेतली. त्याचबरोबर, तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांना तपासणीशिवाय ठेवणे योग्य होते का, यावर पुढे गंभीर वादही झाला.

बार्शीत मोठी संस्था होती, स्थानिक रुग्णालय होते, नोंदणी होती. विद्यापीठ मात्र या चित्रात जवळपास नव्हते. सोलापूरचे विद्यापीठ तर २००४ मध्ये स्थापन झाले. गावात जाणारे कार्यकर्ते कुशल होते, पण त्यांच्या अनुभवातून पदवी, प्रबंध, पुढचा संशोधक असा जिना तयार झाला नाही. ग्वाममध्ये अडचण उलटी आहे: जिना आहे, पण तो चढून गेलेल्याला बेटावर उपचारांच्या सोयी अपुऱ्या सापडतात. दोन्हीकडचे चांगले एकत्र असते तर, असे म्हणण्याचा मोह होतो. पण नोंदणी ठेवणारे, शिकवणारे आणि उपचार करणारे यांचे पगार तीन वेगळ्या खात्यांतून येतात, आणि ती खाती एकमेकांशी क्वचितच बोलतात.

सिगारेटचा कर

ग्वाम-हवाई भागीदारीचा मुख्य आधार वॉशिंग्टनचे अनुदान हाच आहे आणि ते दर काही वर्षांनी नव्याने मिळवावे लागते. नूतनीकरणाच्या वर्षी प्रकल्पावरच्या माणसांना आपली नोकरी राहील की नाही हे माहीत नसते. ज्यांना दुसरीकडे संधी असते ते आधीच जातात, म्हणजे नेमके तेच ज्यांच्यावर सर्वाधिक प्रशिक्षण खर्च झालेले असते.

याला अपवाद म्हणावी अशी एक गोष्ट बेटानेच केली. २०१० मध्ये ग्वामच्या कायदेमंडळाने सिगारेटवरचा कर पाकिटामागे १ डॉलरवरून ३ डॉलर केला आणि त्या उत्पन्नातला वाटा कर्करोगासाठीच्या निधीला बांधून दिला. या निधीचे व्यवस्थापन विद्यापीठाचे कर्करोग संशोधन केंद्र पाहते, आणि त्यातून स्थानिक संस्थांमार्फत रुग्णांना तपासणी, उपचार व आधारासाठी मदत पोहोचते. पुढे तंबाखू विकत घेण्याचे किमान वय २१ करणारा कायदा झाला आणि तो २०१८ पासून लागू झाला. तंबाखूवरच्या या निर्णयांच्या वेळी बेटाकडे स्वतःचे आकडे होते. सुपारीवर मात्र असा कोणताही कर नाही; ती घरामागच्या झाडावरून येते, शेजाऱ्याकडून येते, प्रार्थनेच्या रात्री तबकातून येते, आणि तिच्याबाबत कायदेमंडळापुढे काय ठेवायचे, यावर ग्वाममध्ये अजून एकमत झालेले नाही.